यादीत नाव कुणाचे? कल्याणच्या छावणीपासून बदलापूरच्या पुरापर्यंत

मदत वाटताना आम्ही जात बघत नाही, असे सांगणारे लोक दर पावसाळ्यात भेटतात. ते खोटे बोलतात असे आमचे म्हणणे नाही. टेम्पोच्या फाळक्यावर उभा राहून तांदळाच्या पिशव्या देणारा मुलगा खरेच कुणाचे आडनाव विचारत नाही. तो फक्त एवढेच विचारतो, "रेशन कार्ड आहे का?"

आमचा सगळा वाद या एका प्रश्नाशी आहे. पुराच्या पाण्याला जात नसते हे वाक्य वर्तमानपत्रांना फार आवडते. पाण्याला नसते, कबूल. पण नदीकाठची, नाल्याकाठची, रेल्वेच्या भिंतीलगतची जागा कुणाच्या वाट्याला आली हे पाऊस पडण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्याचा कागद कुणाच्या दारात थांबेल आणि कुणाच्या दारावरून पुढे जाईल, हेसुद्धा आधीच ठरलेले असते. ते ठरवायला कुणा दुष्ट माणसाची गरज लागत नाही. एक साधा नियम पुरतो.

हे बाबासाहेबांनी १९४७ सालीच लिहून ठेवले आहे. आपल्याकडे त्या पत्राची चर्चा होते ती भलत्याच कारणांसाठी, म्हणून ते इथे पुन्हा उघडावे लागते.

१८ डिसेंबर १९४७. फाळणीला चार महिने झालेले. बाबासाहेब कायदामंत्री आहेत आणि ते पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहितात. विषय, पाकिस्तानात अडकलेले आणि तिथून आलेले अस्पृश्य. पत्राचा एक भाग सगळ्यांना ठाऊक असतो. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना बाहेर पडू देत नाही, सफाई कामगारांना तर अत्यावश्यक सेवेतले ठरवून एक महिन्याच्या नोटिशीशिवाय सोडायला तयार नाही, कारण ते गेले तर घाण कोण काढणार आणि जमीनदारांच्या शेतात कोण राबणार? हा भाग काही मंडळी मोठ्या आवाजात वाचून दाखवतात, कारण तो सीमेपलीकडच्या सरकारबद्दल आहे.

पण त्याच पत्रात सीमेच्या अलीकडचीही तक्रार आहे. पूर्व पंजाबात पोहोचलेले अस्पृश्य निर्वासित सरकारी छावण्यांत राहत नव्हते. का? तर छावण्यांचे अधिकारी सवर्ण निर्वासित आणि अस्पृश्य निर्वासित यांच्यात भेद करीत होते. आणि मदत व पुनर्वसन खात्याचा नियम असा की शिधा आणि कपडे छावणीत राहणाऱ्यालाच मिळतील. म्हणजे छावणीत जातीमुळे राहता येत नाही, आणि छावणीत राहत नाही म्हणून शिधा नाही.

या नियमात जात कुठेही लिहिलेली नव्हती. दिल्लीत बसून तो लिहिणाऱ्या कारकुनाला तो अगदी न्याय्य वाटला असेल. छावणीत राहणारा निर्वासित खरा, बाहेरचा कोण जाणे. हिशेब ठेवायला सोपे, चोरी टाळायला सोपे. मदत अन्यायाची कशी होते याचे इतके नेमके निदान आम्हाला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेले नाही. वाटणाऱ्या हातावर सगळे बोट ठेवतात. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते पात्रतेच्या अटीवर.

आता आपल्या गावाकडे येऊ. कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. यातले उल्हासनगर हे शहरच मुळी मदतीतून जन्माला आले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेला कल्याण कॅम्प रिकामा पडला होता. सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक माणसांना सरकारने त्या बराकींत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे नामकरण झाले. आजही इथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगतो. पाऊणशे वर्षे झाली, छावणी हा शब्द गेला नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. बाबासाहेबांचे पत्र पूर्व पंजाबाबद्दल आहे, कल्याणच्या छावणीबद्दल नाही. आणि सिंधी बांधवांनी फुकटचे खाल्ले असेही आम्हाला सुचवायचे नाही. पंजाब आणि बंगालच्या निर्वासितांना निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत इकडे मिळाला, सिंध्यांना तेवढाही नाही. बराकीत पडदे लावून एकेका खोलीचे चार संसार करणाऱ्या आणि लोकलमध्ये गोळ्या-पापड विकून उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या छावणीपर्यंत पोहोचले कोण आणि पोहोचलेल्यांना मिळाले कशाच्या हिशेबाने?

सिंधमधले दलित, म्हणजे मेघवाल, कोळी, भिल्ल, मोठ्या संख्येने तिकडेच राहिले. थरपारकरमध्ये आजही त्यांची मोठी वस्ती आहे. गाडीभाडे नाही, इकडे नातेवाईक नाहीत, आणि मालकाच्या शेतात कर्जाने बांधलेले. निघणे हीसुद्धा एक मालमत्ता असते.

जे आले त्यांच्यासाठी दोन कायदे झाले. १९५० चा विस्थापितांच्या दाव्यांचा आणि १९५४ चा नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा. हिशेब असा होता की तिकडे किती स्थावर मालमत्ता सोडून आलात त्याचा दावा करा, तो तपासला जाईल, आणि मंजूर दाव्याच्या प्रमाणात भरपाई मिळेल. लहान दाव्यांना भरपाईचे प्रमाण जास्त ठेवले होते हे न्यायाने सांगायला हवे. ज्यांचा दावाच नाही अशांनाही राहते सरकारी घर हप्त्यांनी विकत घेता येत असे. तरीही भरपाईचा पाया एकच राहिला. तुमच्याकडे काय होते? ज्याच्याकडे हवेली होती त्याचे नुकसान मोजता आले. जो त्या हवेलीचा संडास साफ करीत होता त्याचे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचे? त्यानेही गाव गमावले, रोजगार गमावला, कदाचित माणसेही गमावली. पण दावा करायला सातबारा लागतो, आणि सातबारा आपल्या बापजाद्यांच्या नावावर कधी होऊच दिला गेला नव्हता.

या भरपाईतून उल्हासनगरात जो कागद तयार झाला त्याला सनद म्हणतात. सनद आहे तो मालक. इथल्या प्रत्येक भांडणात, प्रत्येक निवडणुकीत हा शब्द येतो.

मग आमची माणसे आली. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना होता, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, पुढे रसायनांचे कारखाने आले. उल्हासनगरात बनियन, फर्निचर, मग जीन्स. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, सातारा-सांगलीकडून बौद्ध, मातंग, चर्मकार कुटुंबे गाठोडी घेऊन उतरली. १९७२ च्या दुष्काळाने त्यात मोठी भर घातली. मोकळी जागा उरली होती ती टेकडीवर, नाल्याच्या कडेला आणि वालधुनीच्या काठाला. तिथेच झोपड्या पडल्या. उल्हासनगरातली सुभाष टेकडी आज जयंतीला निळ्या झेंड्यांनी भरते तेव्हा बघणाऱ्याला अभिमान वाटतो. पण टेकडीवर कोण राहायला जातो, याचाही विचार करावा. यांच्याही मागे गाव सुटले होते, उपासमार होती, काहींच्या मागे बहिष्कारही होता. पण यांना निर्वासित म्हणायला कुणी तयार नव्हते. यांना सनद नाही.

दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर एक उलटे उदाहरण सांगायला हवे, नाहीतर आम्हाला सरकारचे काहीच चांगले दिसत नाही असा आरोप होईल. १९७२-७३ ला महाराष्ट्राने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. त्या पिढीतल्या कुठल्याही आजीला विचारा, ती मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची आठवण सांगेल. भाकरी कडू लागायची, घशाखाली उतरायची नाही, हेही सांगेल. पण त्या कामावर जाण्याची अट काय होती? काम मागायला या. जमीन दाखवा, घर दाखवा, असे नव्हते. म्हणून भूमिहीन दलित आणि आदिवासी, त्यातही बायका, त्या मदतीपर्यंत पोहोचल्या. कामावरच्या पिण्याच्या पाण्याला विटाळ होता, मुकादमाची लूट होती, हे सगळे खरे. पण दाराशी अट नव्हती, म्हणून माणसे आत आली. त्यातूनच रोजगार हमी कायदा झाला, आणि मदत मागण्याऐवजी हक्क मागता येतो हे महाराष्ट्राने देशाला दाखवले.

आणि त्याच महाराष्ट्राने वीस वर्षांनी किल्लारी केली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्या जागी वसवली. त्यात घराचा आकार कसा ठरला? जमिनीवरून. भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, सात हेक्टरच्या वर जमीन असलेल्याला ७५०. मोठ्या शेतकऱ्याला बैल, अवजारे, धान्य ठेवायला जागा लागते असे त्याचे समर्थन होते. असेल. पण भूकंपाने गावातली सगळी घरे एका पहाटेत सारखी केली होती, आणि सरकारने नकाशावर बसून ती पुन्हा वर-खाली रचली. भूमिहीन म्हणजे कोण, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच झाले. बोटी आणि जाळी गेलेल्यांच्या याद्या झाल्या. दुसऱ्याच्या बोटीवरची मासळी उतरवून, निवडून, विकून पोट भरणाऱ्या दलितांची बोट बुडालीच नव्हती, कारण त्यांची बोट नव्हतीच. अनेक ठिकाणी याद्या जातपंचायतीच्या हातात होत्या आणि निवाऱ्याच्या जागेतूनही दलितांना हाकलल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या. ते वाचून आम्ही इकडे संतापलो होतो, चर्चा केल्या होत्या. सात महिन्यांनी पाणी आमच्याकडे आले.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, कारण मुंबई बुडाली. बदलापूरला उल्हास नदी आणि अंबरनाथ-उल्हासनगरला वालधुनी काय करीत होत्या हे फारसे कुणाला पाठ नाही. वालधुनी हे नावापुरते नदीचे नाव आहे, तिच्यातून रसायने आणि जीन्सचा रंग वाहतो. ते पाणी घरात शिरले की गादी, धान्य, वह्या, सगळे टाकून द्यावे लागते. नुसते वाळवून चालत नाही.

आम्ही तेव्हा तरुण होतो आणि फार उत्साहात होतो. विहारात धान्य जमा केले, भांडी-कपडे जमा केले, एका ओळखीच्या माणसाचा टेम्पो घेतला. गर्दी होईल, ओढाताण होईल, म्हणून शिस्त हवी असे आमच्यातल्या शहाण्यांनी ठरवले. शिस्त म्हणजे काय, तर रेशन कार्ड दाखवा, वहीत सही करा, पिशवी घ्या. सवर्ण अधिकाऱ्यांना शिव्या देणारे आम्ही, आम्हीच ती अट घातली. बदलापूरकडे नदीच्या बाजूच्या एका वस्तीत एक बाई रांगेत पुढे आल्या. आम्ही कार्ड मागितले. त्या म्हणाल्या, "भाऊ, कार्ड घरातच होतं. घर कुठंय?"

आमच्यातल्या एकाने त्यांना बाजूला उभे राहायला सांगितले, नंतर बघू म्हणून. नंतर पिशव्या संपल्या.

हे आम्ही वीस वर्षांत कुठे लिहिले नव्हते. दुसऱ्याच्या छावणीचे दोष दाखवताना स्वतःची वही लपवणे बरोबर नाही म्हणून लिहितो आहोत. त्या वहीत नंतर पाहिले तेव्हा आणखी कळले. भाडेकरूंची नावे नव्हती, कारण कार्ड गावाकडचे. नवऱ्याने टाकलेल्या बायकांची नव्हती, कारण कार्ड नवऱ्याकडे. नदीकाठच्या कातकरी वाडीतले तर एकही नाव नव्हते. त्यांना कार्ड नव्हते हे पुढचे, ती वाडी आहे हेच आमच्या लक्षात आले नव्हते. वीटभट्टीच्या दिवसांत ही माणसे आम्हाला रोज दिसायची. भट्ट्या बंद झाल्या की पावसाळ्यात ती कुठे जातात, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आणि एक बोचणारी गोष्ट. वस्तीच्या टोकाला मातंग आणि वाल्मीकी समाजाची घरे होती, त्यांच्यापर्यंत आमचा टेम्पो शेवटी गेला. मुद्दाम नव्हे. सुरुवात ओळखीच्या गल्लीपासून झाली, आणि ओळखीची गल्ली जातीचीच असते.

दुसऱ्या फेरीला आम्ही पद्धत बदलली. त्याचे श्रेय आमचे नाही, वस्तीतल्या बायकांचे आहे. त्यांनी सांगितले की कागद मागू नका, माणसे विचारा. प्रत्येक गल्लीतल्या दोन-तीन बाया बसल्या, कोण राहते, किती तोंडे, कुणाच्या घरात किती पाणी, हे त्यांनी सांगितले. नावे उघड्यावर मोठ्याने वाचली. ज्याला हरकत असेल त्याने तिथेच घ्यावी. भांडणे झाली, एक-दोघांनी दोनदा नाव घातले होते ते तिथल्या तिथे पकडलेही गेले. यादी विहाराच्या भिंतीवर लावली. त्या दिवशी आम्ही सुरुवात टोकाच्या घरांपासून केली.

आता सरकारी यादीकडे बघा. आपत्ती मदतीचे केंद्राचे निकष असतात, राज्ये त्यावर चालतात. २०१५ ते २०२० या काळातले निकष आमच्यासमोर आहेत. सपाट प्रदेशात पक्के वा कच्चे घर पूर्ण पडले तर ९५,१०० रुपये. झोपडी गेली तर ४,१०० रुपये. आणि घरासाठी अट अशी की ते बांधकाम अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे. वाचून पुन्हा वाचा. नाल्याच्या काठाला तीस वर्षे राहणाऱ्या माणसाचे विटांचे घर वाहून गेले तरी ते अधिकृत नाही म्हणून घर नाही. आणि झोपडी म्हणावे तर ती झोपडी म्हणून सरकारदरबारी मान्य असायला हवी. त्या मान्यतेची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. नंतर आलेला माणूस बुडतो तसाच बुडतो, पण कागदावर तो बुडालेला नसतो.

अधिकृतपणाचा एवढा आग्रह असलेल्या सरकारने उल्हासनगरातच काय केले ते आठवा. शहरातली साडेआठशेहून अधिक बेकायदा बांधकामे पाडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयातून पुढे आला. त्यावर २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता कायदा करून ती नियमित करण्याचा रस्ता काढला गेला. राहणाऱ्या माणसांची घरे वाचली याचे आम्हाला वाईट वाटत नाही. घर पडू नये, कुणाचेच. आम्हाला एवढेच दिसते की इमारतीचा अनधिकृतपणा हा विधानसभेत सोडवायचा प्रश्न ठरतो आणि झोपडीचा अनधिकृतपणा हा मदत नाकारण्याचे कारण ठरतो.

२०१९ चा पावसाळाही लक्षात ठेवण्यासारखा. २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते. एनडीआरएफ, नौदल, हेलिकॉप्टर, सगळे आले, चामटोलीचे गावकरी धावले, सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. कल्याणहून त्यांच्यासाठी कोल्हापूरला खास गाडी सोडली. फार चांगले काम झाले, त्यात शंका नाही. त्या वेळी कुणी कुणाकडे कागद मागितला नाही, कारण प्रवासी कोण आहे हे डब्यात दिसतच होते. त्याच पाण्यात बुडालेल्या सखल वस्त्यांना मात्र पुढे पंचनाम्याच्या रांगेत उभे राहावे लागले.

त्यानंतर दहा-बारा दिवसांतच, सांगली-कोल्हापूर पाण्यात असताना, शासनाचा एक आदेश गाजला. पूरग्रस्त कुटुंबाला दहा किलो तांदूळ, दहा किलो गहू मोफत, पण क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ बुडालेले असले पाहिजे. महाराष्ट्रभर संताप झाला. मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोचे स्टिकर लागले तेव्हा आणखी झाला. स्टिकरवर जास्त बोलले गेले, अटीवर कमी. ही दोन दिवसांची अट काही त्या आठवड्यात जन्मलेली नव्हती, ती निकषांच्या भाषेतच मुरलेली होती. कृष्णेचा पूर आठवडाभर बसतो. उल्हास आणि वालधुनीचे पाणी रात्री चढते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी उतरते. आमच्या वस्त्यांचे सगळे वाटोळे बारा तासांत होते. घड्याळ लावून नुकसान मोजणारा नियम इथे कधी लागूच होऊ शकत नाही. पुढे २०२१ च्या पुरानंतर राज्याने ही अट शिथिल केली. म्हणजे ती शिथिल करता येत होती.

आम्ही हे बोललो की अधिकारी मंडळी एक उत्तर देतात. कागद नाही मागितला तर बोगस लाभार्थी घुसतील. घुसतात, आम्ही वर सांगितलेच. पण कागदाने ते थांबतात का? आमचा अनुभव उलटा आहे. दोन कार्डे असणारा, बंद घराचे वीजबिल दाखवणारा, वरच्या मजल्यावर राहून खालच्या मजल्याचे नुकसान लावणारा, हे सगळे कागदवालेच असतात. ज्याच्याकडे एकही कागद नाही तो फसवणार तरी कशाने? बोगस नाव शेजाऱ्याला कळते, साहेबाला कळत नाही. म्हणून यादी शेजाऱ्यांसमोर वाचली पाहिजे, आणि नेमकी तीच गोष्ट टाळली जाते. यादी कार्यालयात असते, नगरसेवकाच्या खिशात असते, वस्तीत नसते.

दुसरे उत्तर आपल्याच लोकांकडून येते आणि ते जास्त जड जाते. जातनिहाय नोंद मागू नका, संकटात तरी एकी दिसू द्या. एकी आम्हालाही हवी. पण १९४७ च्या पत्रात बाबासाहेबांनी एकीच्या नावाखाली गप्प बसणे नाकारले होते. देश जळत असताना, स्वतः मंत्रिमंडळात असताना, त्यांनी विचारले की अस्पृश्यांना शिधा का मिळत नाही. आज तोच प्रश्न आपल्याकडे उलटूनही येतो. आपल्या मंडळाच्या यादीत वाल्मीकी वस्ती आहे का? कातकरी वाडी आहे का? २०२० च्या टाळेबंदीत जीन्स कारखान्यांतल्या उत्तर भारतीय मजुरांना आपल्या किती विहारांतून जेवण गेले आणि किती ठिकाणी आधी आपले बघू असे ठरले? अनेक ठिकाणी गेले, हे आम्ही पाहिले आहे. काही ठिकाणी नाही गेले, हेही पाहिले आहे.

२००५ च्या पुरानंतर अडीच महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, माहितीचा अधिकार कायदा लागू झाला. त्याच्या कलम ४ मध्ये लाभाच्या योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायचा आहे, कुणी अर्ज करण्याची वाट न बघता. आमची तीन मागण्यांची चिठ्ठी तयार आहे. पंचनामा झालेल्या घरांची यादी त्या त्या वस्तीत भिंतीवर लागावी आणि मोठ्याने वाचली जावी. नाकारलेल्या अर्जांचीही यादी लागावी, कारणासह. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही ठिकाणी पावसाळ्याआधी नदी-नाल्याकाठच्या प्रत्येक घराची नोंद व्हावी, मालक कोण हे न विचारता, फक्त आत किती माणसे झोपतात एवढे विचारून. ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी आपल्या वस्तीची पहिली वही मे महिन्यातच सुरू करावी, आणि ती टोकाच्या घरापासून लिहावी.